विश्लेषण : वसईच्या गाळ्यांत ओझे कोण उचलते? फोर्कलिफ्ट आणि उचल यंत्रांचा व्यापार कसा चालतो?

मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि वसई रोड स्थानक यांच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे नवघर, गोखिवरे, सातिवली, वालीव, गोलानी नाका या भागांत लहान कारखान्यांचे गाळे दाटीवाटीने उभे आहेत. प्लास्टिकचे साचेकाम, पॅकेजिंग, यंत्रांचे सुटे भाग, रंग, खाद्यपदार्थ अशी कामे तेथे चालतात. या प्रत्येक गाळ्यासमोर रोज एकच प्रश्न असतो. दारात आलेला माल उतरवायचा कसा आणि तयार झालेला माल चढवायचा कसा? त्याचे उत्तर पुरवणारा व्यापार म्हणजे फोर्कलिफ्ट, स्टॅकर, पॅलेट ट्रक, चेन पुली, क्रेन आणि त्यांच्या साखळ्या-दोर विकणाऱ्या वितरकांचा. हा धंदा जाहिरातीत फारसा दिसत नाही. पण कामगाराची पाठ, कारखानदाराचा खर्च आणि वितरकाचे अडकलेले पैसे असे तीन हिशेब त्यात एकत्र येतात.

वसईतच हा व्यापार का वाढला?

वसईचा औद्योगिक पट्टा प्रामुख्याने खासगी औद्योगिक वसाहतींचा आहे. पालघर जिल्ह्यात बोईसरजवळ तारापूर येथे एमआयडीसी आहे. तेथे मोठे भूखंड, आखीव रस्ते आणि रासायनिक कारखाने दिसतात. वसईत मात्र विकासकांनी इमारती बांधल्या आणि गाळे विकले किंवा भाड्याने दिले. मुंबईत जागा महागल्यावर शहरातले लहान उद्योग उत्तरेकडे सरकत गेले. लोकल गाडीने कामगार येऊ शकतात, महामार्गाने माल गुजरातकडे जाऊ शकतो आणि चिंचोटी-कामण-अंजूरफाटा रस्त्याने भिवंडीची गोदामे गाठता येतात, या तीन सोयी वसईला मिळाल्या.

या वाढीला नियोजनाची चौकट उशिराने आली. १९९० मध्ये या उपप्रदेशासाठी सिडकोला नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका व आसपासची गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. तोवर गाळ्यांची वस्ती दाट झाली होती.

गाळ्याच्या या रचनेमुळेच उचल यंत्रांच्या वितरकाला येथे काम मिळाले. मोठ्या कारखान्यात क्रेन इमारतीच्या आराखड्यातच धरलेली असते. गाळ्यात ती सोय नसते. छत बेताचे, दार अरुंद, समोरच्या गल्लीत टेम्पो उभा आणि आत यंत्रांच्या मधून जेमतेम वाट. अशा ठिकाणी कोणते यंत्र बसेल, ते वळेल का, वरच्या मजल्याची लादी त्याचे वजन पेलेल का, हे जागेवर जाऊन पाहावे लागते. म्हणून ग्राहकाला जवळचा, बोलावल्यावर तासाभरात येणारा विक्रेता हवा असतो.

फोर्कलिफ्ट मुळात आली कुठून?

ओझे उचलण्यासाठी कप्पी आणि तरफ माणूस हजारो वर्षे वापरतो आहे. फोर्कलिफ्टचा जन्म मात्र विसाव्या शतकातला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया रेलरोडने १९०६ मध्ये अल्टूना येथे प्रवाशांचे सामान वाहण्यासाठी बॅटरीवर चालणारे गाडे वापरले. १९१७ मध्ये मिशिगनमधील क्लार्क कंपनीने आपल्याच धुरा बनवण्याच्या कारखान्यात माल हलवण्यासाठी ‘ट्रकट्रॅक्टर’ नावाचे वाहन तयार केले. कारखाना पाहायला आलेल्या पाहुण्यांनी तसेच वाहन मागितले आणि घरगुती गरजेतून एक धंदा उभा राहिला. १९२३ मध्ये येल अँड टाउन कंपनीने उभा मास्ट आणि पुढे आलेले फोर्क असलेला विजेवरचा ट्रक आणला. आजच्या फोर्कलिफ्टचा आकार तेथून ठरला.

खरा प्रसार झाला तो पॅलेटमुळे. माल एकेक नग न उचलता लाकडी फळ्यांच्या चौकटीवर रचायचा आणि चौकटच उचलायची, ही साधी कल्पना दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने मोठ्या प्रमाणावर राबवली. युद्ध संपल्यावर ती बंदरे, रेल्वे आणि कारखान्यांत रुळली. टोयोटाने १९५६ मध्ये पहिली फोर्कलिफ्ट बाजारात आणली. आज टोयोटा इंडस्ट्रीज, जर्मनीची कियोन व युंगहाइनरिश आणि चीनच्या हेली व हांगचा ही या क्षेत्रातली मोठी नावे आहेत. ट्रक आणि फोर्कलिफ्ट यांतला फरक एवढाच की ट्रक माल दूर नेतो आणि फोर्कलिफ्ट तो उंच ठेवते. गोदामाचे भाडे चौरस फुटावर मोजले जात असताना उंचीचा वापर करता येणे, यातच तिची किंमत आहे.

महाराष्ट्रात हा उद्योग कसा रुजला?

भारतातल्या उचल यंत्रांच्या इतिहासाचा मोठा भाग मुंबई आणि ठाणे यांच्या मधल्या पट्ट्यात घडला. १९०७ मध्ये स्थापन झालेली जोस्ट्स इंजिनीअरिंग ही या क्षेत्रातल्या जुन्या नावांपैकी एक. विक्रोळीच्या गोदरेज अँड बॉइसने १९६० च्या दशकात देशात फोर्कलिफ्ट बनवायला सुरुवात केली. टाटा सन्स आणि स्वित्झर्लंडची फोल्कार्ट ब्रदर्स यांच्या भागीदारीतून १९५४ मध्ये निघालेली व्होल्टासही फोर्कलिफ्टच्या धंद्यात उतरली. २०११ मध्ये व्होल्टासने या व्यवसायासाठी कियोनशी हातमिळवणी केली आणि पुढे तो पूर्णपणे कियोनकडे गेला. चेन पुली आणि होइस्टच्या क्षेत्रात १९६२ मध्ये स्थापन झालेल्या मुलुंडच्या हर्क्युलिस हॉइस्ट्सचा ‘इंडेफ’ हा शिक्का कारखान्यांत इतका रुळला की अनेक फोरमन चेन पुलीला त्याच नावाने हाक मारतात.

कंपन्या यंत्रे बनवत होत्या, पण किरकोळ बाजार होता तो दक्षिण मुंबईत. नागदेवी स्ट्रीट हा औद्योगिक हार्डवेअरचा बाजार. वायररोप, शॅकल, हुक, साखळी, जॅक हे सारे तेथे मिळे. जहाजतोडणीतून निघालेल्या जाड साखळ्या आणि दोर दारूखान्यात मिळत. वसईचा कारखानदार पूर्वी लोकलने तेथे जाई आणि गोणीत साखळी बांधून आणी. कारखाने उपनगराबाहेर सरकले तसे हा माल विकणारेही त्यांच्या मागे आले. आज वसई पूर्वेला दोराचा तुकडा कापून, टोकाला डोळा दाबून, चाचणीचा दाखला जोडून देणारी दुकाने आहेत.

व्यापाराला वेग देणारे टप्पे मात्र वसईबाहेर घडले. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि कंटेनर वाहतूक वाढली. १९९१ च्या उदारीकरणानंतर आयातीवरील बंधने सैल झाली. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर प्रत्येक राज्यात वेगळे गोदाम ठेवण्याची गरज कमी झाली आणि भिवंडीसारख्या ठिकाणी मोठी गोदामे उभी राहिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गुवाहाटी येथे झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत फोर्कलिफ्ट व तत्सम यंत्रांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्यात आला.

वितरक नेमके काय विकतो?

यादीच्या तळाशी हँड पॅलेट ट्रक असतो. हँडल खालीवर करून पॅलेट जमिनीपासून वीतभर उचलायचा आणि ओढत न्यायचा, एवढेच त्याचे काम. साधारण अडीच टन क्षमतेचा हा गाडा गाळ्यातले सर्वांत कामाचे यंत्र समजला जातो. त्याच्या वर स्टॅकर येतो, जो माल मांडणीवर चढवतो. मग तीनचाकी व चारचाकी फोर्कलिफ्ट आणि उंच मांडण्यांच्या अरुंद वाटांसाठी रीच ट्रक. दुसऱ्या बाजूला टांगून उचलण्याची यंत्रे असतात. हाताची चेन पुली, विजेचा होइस्ट, जिब क्रेन आणि ईओटी क्रेन. बाहेरच्या कामासाठी माल उचलून चालत जाणारी क्रेन असते, जिला सारा महाराष्ट्र ‘हायड्रा’ म्हणतो. मुळात तो एका कंपनीचा शिक्का होता.

पण वितरकाचा धंदा केवळ यंत्राच्या विक्रीवर टिकत नाही. नवी फोर्कलिफ्ट एकदा विकली की तो ग्राहक काही वर्षे दुसरी घेत नाही. त्या काळात चाके झिजतात, हायड्रॉलिक सील गळतात, बॅटरी दमते, फिल्टर बदलावे लागतात. वार्षिक देखभाल करार, सुटे भाग आणि भाड्याची यंत्रे यांतून वितरकाला दरमहा पैसे येतात. म्हणून अनुभवी वितरक विक्रेत्यांपेक्षा मेकॅनिक जास्त ठेवतो. यंत्र बंद पडले की गाळ्याचा माल दारात अडकतो. त्या दिवशी ज्याचा माणूस पोहोचतो, त्याच्याकडेच पुढची ऑर्डर जाते.

विकत घ्यावी, भाड्याने घ्यावी की हमाल लावावेत?

गाळेधारकाच्या दृष्टीने हा कळीचा प्रश्न आहे. आठवड्यातून एकच गाडी येत असेल, तर वाराई देऊन माल उतरवणे परवडते. रोज दोन-तीन गाड्या असतील, तर यंत्राचा विचार सुरू होतो. हंगामी काम असेल, तर भाड्याची फोर्कलिफ्ट बरी. भाड्यात देखभाल वितरकाची असते, कधी चालकही त्याचाच असतो. स्वतःची घेतली तर भांडवल अडकते. पण प्राप्तिकरात घसारा मिळतो आणि यंत्र केव्हाही हाताशी राहते.

जुन्या फोर्कलिफ्टचा बाजारही मोठा आहे आणि तेथे जोखीमही जास्त. केवळ रंग पाहून यंत्र घेऊ नये, असे जाणकार सांगतात. तासमापकाचा आकडा बदलता येतो, पण झीज लपत नाही. फोर्कची टाच, म्हणजे उभा भाग जेथे आडवा होतो ती जागा, मोजून पाहावी. मूळ जाडीच्या दहा टक्के झीज झाली की फोर्क बदलायचा असतो, कारण तेवढ्या झिजेने त्याची ताकद सुमारे पाचव्या हिश्शाने घटते. मास्टची साखळी ताणून मोजावी. तिची लांबी तीन टक्क्यांनी वाढली असेल, तर तिचे आयुष्य संपले. मास्ट वर नेऊन ओझ्यासह थांबवावा आणि तो आपोआप खाली सरकतो का ते पाहावे. दहा मिनिटांची ही पाहणी पुढचा मोठा खर्च वाचवते.

यंत्रांमुळे माथाडींचे काय?

महाराष्ट्रात ओझ्याचा प्रश्न केवळ यंत्राचा नाही. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. डोक्यावर आणि पाठीवर ओझी वाहणाऱ्यांची मंडळाकडे नोंदणी, ठरलेली मजुरी, भविष्यनिर्वाह निधी अशी सुरक्षा त्यातून मिळाली. देशात त्या काळी असा कायदा अपूर्व होता.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये केलेल्या शिफारशीत एका प्रौढ पुरुष कामगाराने नेहमी वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सुचवली आहे. प्रत्यक्षात गोणी त्याहून जड असू शकते आणि दिवसातून शेकडो वेळा उचलावी लागते. चाळिशीत कंबर गेलेला हमाल हे नवघर-वालीवमध्ये दुर्मीळ दृश्य नाही. यंत्राने ही झीज थांबते. पण यंत्र आले की चार जणांचे काम एका चालकाकडे जाते आणि तो चालक बहुधा हमालांपैकी नसतो. त्यामुळे यंत्राला विरोध आणि यंत्राची गरज, या दोन्ही गोष्टी एकाच वस्तीत नांदतात. ज्या कारखान्यांनी आपल्याच जुन्या कामगाराला प्रशिक्षण देऊन स्टॅकर किंवा फोर्कलिफ्टवर बसवले, तेथे हा ताण कमी होतो. माल, गल्ली आणि गोदाम त्याला तोंडपाठ असते. वितरकही यंत्र देताना चालकाचे प्रशिक्षण देतात, पण ते अनेकदा तासाभरात आटोपते.

अपघात कशामुळे होतात?

फोर्कलिफ्ट हे मोटारीसारखे दिसणारे, पण मोटारीसारखे न वागणारे वाहन आहे. ते मागच्या चाकांनी वळते, त्यामुळे वळताना मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि शेजारी उभ्या माणसाला लागतो. त्याचा तोल एका काल्पनिक त्रिकोणावर सावरलेला असतो. पुढची दोन चाके आणि मागच्या आसाचा मध्य ही त्या त्रिकोणाची टोके. यंत्र आणि ओझे यांचा एकत्रित गुरुत्वमध्य या त्रिकोणाबाहेर गेला की फोर्कलिफ्ट उलटते. ओझे वर उचलून वळणे म्हणूनच धोक्याचे.

दुसरी गफलत क्षमतेच्या पाटीबाबत होते. ‘दोन टन’ याचा अर्थ कोणतेही दोन टन असा नसतो. लहान फोर्कलिफ्टमध्ये ही क्षमता बहुधा ओझ्याचा मध्य फोर्कच्या उभ्या भागापासून ५०० मिलिमीटरवर असेल असे धरून दिलेली असते. पुढच्या आसापासून फोर्कपर्यंतचे अंतर ४०० मिलिमीटर आहे असे समजू. ओझे लांबट असेल आणि त्याचा मध्य ७०० मिलिमीटरवर गेला, तर तेच यंत्र साध्या तरफेच्या हिशेबाने २,००० ऐवजी सुमारे १,६३६ किलोच पेलते. उंची वाढली की आणखी कमी. मग मागे वजन म्हणून दोन माणसे उभी केली जातात. ही युक्ती अनेक गाळ्यांत दिसते आणि यंत्र उसळले की तीच माणसे आधी पडतात.

टांगलेल्या ओझ्याचे गणितही फसवे आहे. एक टन ओझे दोन पायांच्या स्लिंगने उचलताना स्लिंग जमिनीशी ६० अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक पायावर सुमारे ५७७ किलो ताण येतो. तोच कोन ३० अंशांवर आला की प्रत्येक पायावर पूर्ण एक टन येतो. ओझे तेच, दोर तोच, फक्त बांधणी पसरट. कापडी पट्ट्यांचे रंग यासाठीच ठरलेले आहेत. जांभळा एक टन, हिरवा दोन, पिवळा तीन, करडा चार, लाल पाच. पट्ट्याला गाठ मारली किंवा धारदार कडेवरून तो ओढला, तर रंगाने सांगितलेली क्षमता उरत नाही.

कायदा काय सांगतो आणि लहान गाळ्यांचे काय?

कारखाना अधिनियम, १९४८ मधील कलम २९ उचल यंत्रे, साखळ्या, दोर आणि उचल साहित्याबाबत होते. प्रत्येक साधनावर सुरक्षित कार्यभार ठळक लिहावा, त्याहून जास्त उचलू नये आणि वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून पूर्ण तपासणी करून तिची नोंद ठेवावी, असा त्याचा आशय. लिफ्ट व होइस्टसाठी कलम २८ मध्ये ही मुदत सहा महिन्यांची होती. राज्यात ही जबाबदारी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. हाताच्या चेन पुलीसाठी भारतीय मानक आयएस ३८३२ हे आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने कारखाना अधिनियमाची जागा घेतली. मूळ कायद्यात वीज वापरून दहा कामगार असलेली जागा ‘कारखाना’ ठरत होती. नव्या संहितेत ही संख्या वीस आहे. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर सुरक्षेच्या सामान्य जबाबदाऱ्या राहतात. पण कारखाना म्हणून येणारे खास नियम आणि नोंदी यांच्या कक्षेबाहेर अनेक लहान जागा जातात. वसईच्या गाळ्यांत बारा-पंधरा कामगारांची युनिटे भरपूर आहेत. तेथे साखळीची तपासणी होणार की नाही, हे आता निरीक्षकापेक्षा मालकाच्या जाणिवेवर आणि वितरकाच्या आग्रहावर अधिक अवलंबून राहील.

आणखी एक मुद्दा रस्त्याचा. मोटार वाहन कायद्यातील व्याख्येनुसार केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेले खास वाहन ‘मोटार वाहन’ ठरत नाही. त्यामुळे आवारातल्या फोर्कलिफ्टला आरटीओ नोंदणी लागत नाही. पण वसईत एका गाळ्यातून समोरच्या गाळ्यात माल नेताना ती सार्वजनिक गल्ली ओलांडते. तेथे टेम्पो, दुचाकी, शाळेतून येणारी मुले असतात. गल्लीत अपघात झाला तर नोंदणी, विमा आणि चालकाचा परवाना हे तिन्ही प्रश्न एकदम उभे राहतात. यंत्र घेतानाच हे विमा कंपनीशी बोलून घेणे शहाणपणाचे.

वितरकाची कोंडी कशात आहे?

वितरक दोन बाजूंनी दाबला जातो. कंपनी यंत्र देताना पैसे आगाऊ किंवा थोड्या मुदतीत मागते. ग्राहक मात्र दोन-तीन महिन्यांची उधारी गृहीत धरतो. सूक्ष्म व लघु उद्योगांना उशिरा पैसे मिळू नयेत म्हणून एमएसएमईडी कायद्यात जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत आहे. प्राप्तिकर कायद्यातील तरतुदीमुळे ही मुदत चुकवणाऱ्या खरेदीदाराला त्या वर्षी खर्चाची वजावट मिळत नाही. पण हे संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहे. जुलै २०२१ मध्ये घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांना एमएसएमई म्हणून नोंदणीची मुभा मिळाली, तरी तिचा लाभ बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरताच ठेवण्यात आला. म्हणजे वितरकाने विकलेल्या यंत्राचे पैसे सहा महिने थकले तरी तो या तरतुदीचा आधार घेऊ शकत नाही. भाडे आणि देखभाल हे सेवेत मोडते, म्हणून काही जण आपला धंदा त्या बाजूला झुकवू लागले आहेत.

दुसरा दाब किमतीचा. आयात केलेली यंत्रे स्वस्त मिळतात आणि ग्राहक ऑनलाइन दर दाखवून घासाघीस करतो. स्वस्त यंत्राचा सुटा भाग सहा महिन्यांनी मिळेल का, हा प्रश्न तेव्हा विचारला जात नाही. तिसरा प्रश्न पाण्याचा. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार कित्येक दिवस पाण्यात होते. सखल भागातल्या तळमजल्याच्या गाळ्यात उभी असलेली विजेची फोर्कलिफ्ट पाण्यात गेली, तर मोटार आणि कंट्रोलर निकामी होण्याची भीती असते. पावसाळ्याआधी चार्जर उंचावर बसवणे आणि विम्यात पुराचा समावेश आहे का हे पाहणे, ही कामे म्हणूनच मे महिन्यात उरकायला हवीत.

बॅटरीवरील यंत्रांमुळे काय बदलते आहे?

बंद गाळ्यात डिझेलचा धूर कामगारांच्या नाकातोंडात जातो. खाद्यपदार्थ व औषधांच्या ग्राहकांना तो चालतच नाही. डिझेल इंजिनांच्या उत्सर्जनाचे नियमही टप्प्याटप्प्याने कडक होत आहेत, त्यामुळे ती यंत्रे महागतात. जुन्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीला रोज बरेच तास चार्जिंग लागते, पाणी घालावे लागते आणि चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघत असल्याने जागा हवेशीर हवी. लिथियम बॅटरीला पाणी लागत नाही आणि जेवणाच्या सुट्टीतही ती थोडी भरून घेता येते. मात्र ती महाग असते. शिवाय फोर्कलिफ्टमध्ये बॅटरीचे वजनच मागचा तोल सांभाळते. जुन्या यंत्रात हलकी लिथियम बॅटरी घालताना तेवढे वजन भरून काढावे लागते. हे न सांगता बॅटरी बदलून देणारा ग्राहकाचा जीव धोक्यात घालतो.

पुढे काय?

पश्चिम समर्पित मालवाहू रेल्वेमार्गाचा वैतरणा ते जेएनपीए हा टप्पा याच भागातून जातो. डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाली. ७६ हजार २२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला स्थानिक मच्छीमारांचा विरोध आहे. बंदर उभे राहिले, तर महामार्गालगत गोदामांची मागणी वाढेल आणि त्यांच्याबरोबर उंच मांडण्यांची, रीच ट्रकची आणि प्रशिक्षित चालकांचीही. मोठी गोदामे थेट कंपन्यांशी करार करतात, तेथे स्थानिक वितरकाला देखभालीचे काम उरते. वसईच्या लहान गाळ्यांना मात्र ओळखीचा, उधारी देणारा आणि वेळेला धावून येणारा विक्रेताच लागणार आहे. यंत्राबरोबर त्याने क्षमतेची पाटी समजावून सांगितली आणि वर्षाने साखळी तपासायला तो परत आला, तर कायद्याच्या कक्षेबाहेर राहिलेल्या गाळ्यातला कामगारही सुरक्षित घरी जाईल.